बुखारी मोबाइलमध्ये, मग आठ वर्षं मदरशात कशाला?

प्रश्न : मी वाडीत, अमरावती रोडच्या आतल्या वस्तीत राहतो. आमच्या शेजारचे चाचा ट्रकदुरुस्तीचं काम करतात. त्यांचा मुलगा बाहेरगावी मदरशात आलिमचा अभ्यास करतो. रमजानच्या सुटीत घरी आला तेव्हा त्यानं मला मोबाइलमध्ये हदीसचे सगळे मोठे ग्रंथ दाखवले. एक शब्द टाकला की लगेच शंभर ठिकाणं समोर. मी विचारलं, "सगळं इथंच आहे, तर घर सोडून आठ वर्षं तिकडे कशाला काढतोस?" तो म्हणाला, "सिर्फ पढने से नहीं होता अंकल, उस्ताद को सुनाना पडता है." हे ऐकवणं म्हणजे काय? आणि इंटरनेटच्या काळात ही पद्धत टिकेल का?
— एक वाचक, वाडी (नागपूर)

उत्तर : त्या मुलानं एका वाक्यात जे सांगितलं ते समजून घ्यायचं, तर मदरशातला तास कसा चालतो ते आधी पाहावं लागेल.

मदरसा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे टोपी घातलेली, डोलत पाठांतर करणारी लहान मुलं येतात. तो झाला मक्तब किंवा कुरआन तोंडपाठ करण्याचा हिफ्जचा वर्ग. आलिमचा, म्हणजे धर्मशास्त्राच्या जाणकाराचा, अभ्यासक्रम त्याच्या बराच पुढचा. भारतात तो बहुतेक ठिकाणी 'दर्स-ए-निजामी' नावाच्या आखणीवर चालतो. लखनौच्या फिरंगी महलमधले मुल्ला निजामुद्दीन (मृत्यू १७४८) यांच्या नावानं ती ओळखली जाते. पहिली काही वर्षं अरबी व्याकरणाची : शब्दांची घडण शिकवणारं सर्फ आणि वाक्यरचना शिकवणारं नह्व. मग मंतिक म्हणजे तर्कशास्त्र, फिकह म्हणजे धर्माचं कायदेशास्त्र, कायद्याचे निष्कर्ष काढण्याचे नियम, कुरआनचं भाष्य. शेवटचं वर्ष दौरा-ए-हदीसचं; हदीस म्हणजे पैगंबरांची वचनं आणि आचरण यांच्या नोंदी. त्यात बुखारी, मुस्लिम यांच्यासह हदीसचे सहा प्रमुख संग्रह हाताळले जातात. प्रवेश शव्वाल महिन्यात, वार्षिक परीक्षा शाबानमध्ये आणि सुटी रमजानमध्ये. तो मुलगा तुम्हाला रमजानमध्ये भेटला, त्याचं कारण हेच.

आता प्रत्यक्ष तास. खाली सतरंजी, विद्यार्थ्यांपुढे लांबट बुटकी तिपाई, तिच्यावर उघडा ग्रंथ. एक विद्यार्थी मूळ अरबी मजकूर मोठ्यानं वाचतो. याला इबारत वाचणं म्हणतात. या ग्रंथांतल्या अरबी मजकुरावर ऱ्हस्व स्वरांच्या खुणा बहुधा नसतात. देवनागरीतल्या एखाद्या पानावरच्या वेलांट्या आणि उकार पुसून टाकले आणि ते घडाघडा वाचायला सांगितलं, तर जे होईल तसंच हे. शब्दाच्या शेवटी कोणता स्वर लावायचा हे वाक्याचा अर्थ कळला तरच ठरतं. कर्ता कोण आणि कर्म कोण, हे कित्येकदा त्या एका स्वरावर अवलंबून असतं. स्वर चुकला तर मारणारा मार खाणारा होतो. उस्ताद तिथंच थांबवतात, पुन्हा वाचायला लावतात आणि हाच स्वर का, ते विचारतात. विद्यार्थ्याला व्याकरणाचा नियम सांगावा लागतो. तो सांगता आला तर पुढची ओळ.

म्हणजे मोठ्यानं वाचणं हीच रोजची परीक्षा. मोबाइलवर मनातल्या मनात वाचणाऱ्याची चूक त्याची त्यालाही कळत नाही. वर्गात ती चाळीस जणांसमोर उघडी पडते. शेजारचा मुलगा 'ऐकवावं लागतं' म्हणाला, ते यासाठी.

याला दुसरी बाजूही आहे. प्रत्येक हदीसच्या आधी ती कुणी कुणाकडून ऐकली, याची नावानिशी साखळी दिलेली असते. अभ्यास पुरा झाला की उस्ताद विद्यार्थ्याला सनद देतात, म्हणजे ही साखळी त्याच्यापर्यंत आणून सोडतात. त्यात हमी असते : मी याचं वाचन ऐकलं आहे, याला हे कळलं आहे, आणि उद्या यानं भलतंच काही सांगितलं तर बोट माझ्याकडेही येईल. ही जबाबदारी घेणारा जिवंत माणूस हा या शिक्षणाचा कणा आहे.

मराठी वाचकाला यात अनोळखी काही नाही. वेद केव्हाचे छापून निघाले, तरी घनपाठ शिकायला आजही गुरूसमोरच बसावं लागतं. युनेस्कोनं २००३ साली वेदपठणाच्या परंपरेचा गौरव केला, तो या तोंडी परंपरेचाच.

प्रश्न : म्हणजे नव्या तंत्रज्ञानाला मदरशांचा विरोध आहे, असं समजायचं का?

उत्तर : सरसकट तसं समजलात तर इतिहासावर अन्याय होईल.

छपाईचंच घ्या. ओस्मानी साम्राज्यात इब्राहिम म्युतेफेरिकाला १७२७ साली छापखान्याची परवानगी मिळाली, पण धार्मिक ग्रंथ वगळून. हातानं लिहिलेल्या अक्षराविषयीचा आदर, शिशाच्या खिळ्यांत अरबी लिपीचे होणारे हाल आणि नकलनवीसांची रोजीरोटी, अशी बरीच कारणं त्यामागे होती. भारतात चित्र बदललं ते शिळाछापामुळे. ही पद्धत आपल्याकडे १८२०च्या दशकात आली. कातिबानं, म्हणजे सुलेखनकारानं, खास शाईनं लिहायचं, ते लिखाण दगडावर उतरवायचं आणि दगडावरून प्रती काढायच्या. अक्षर माणसाच्याच हातचं राहिलं आणि प्रती मात्र शेकड्यांनी निघू लागल्या. मराठीतही गणपत कृष्णाजींनी मुंबईत १८३१ साली पंचांग छापलं ते शिळाछापावरच. एकोणिसाव्या शतकातली मुंबई अरबी, फारसी, उर्दू शिळाछापाचं मोठं केंद्र होती. इथली पुस्तकं इराणपर्यंत आणि हिंदी महासागराच्या किनाऱ्यांवर जात. लखनौत मुन्शी नवलकिशोर यांनी १८५८ साली छापखाना काढला आणि एका हिंदू मुद्रकाच्या छापखान्यातून कुरआन आणि इस्लामी शास्त्रग्रंथ घराघरांत गेले.

याहून बोलकं उदाहरण देवबंदचं. भारतातल्या मदरशांचा आदर्श मानलं जाणारं दारुल उलूम १८६६ साली स्थापन झालं. त्याच्या संस्थापकांपैकी एक, मौलाना मुहम्मद कासिम नानौतवी, छापखान्यात मुद्रितशोधनाचं काम करून पोट भरत. मौलाना अहमद अली सहारनपुरी यांनी बुखारीची टीपांसह जी आवृत्ती छापली, तिच्या कामात नानौतवींचा हात होता. मधोमध मूळ मजकूर, चारी बाजूंनी बारीक अक्षरांत तिरक्या-आडव्या धावणाऱ्या टीपा, अशी या आवृत्तीची पानं असतात. आज जुनं, पारंपरिक म्हणून आपण ज्या ग्रंथाकडे पाहतो, तो त्या काळच्या अगदी नव्या यंत्रातून निघालेला आहे. त्याच्या मुद्रितशोधकांपैकी एक पुढे मदरशाचा संस्थापक झाला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आवाजाचंही तसंच झालं. १९६१ साली इजिप्तचे कारी, म्हणजे कुरआनपठणकार, महमूद खलील अल-हुसरी यांच्या आवाजात संपूर्ण कुरआनचं ध्वनिमुद्रण झालं. पाठ करणाऱ्या मुलाला घरात उस्तादाचा आवाज मिळाला. मदरसा बंद पडला नाही. १९८१ साली नूरी नस्तालीक या संगणकीय लिपीनं उर्दू वृत्तपत्रांतलं कातिबाचं काम संपवायला सुरुवात केली. १९९४ साली दिल्लीच्या कंपनीनं 'इनपेज' आणलं आणि मदरशातून बाहेर पडलेले कित्येक तरुण उर्दू डीटीपीवर घर चालवू लागले. उर्दू भाषा विकासाच्या राष्ट्रीय परिषदेनं संगणक आणि बहुभाषी डीटीपीचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम ठिकठिकाणी चालवला, त्याचा लाभ या मुलांनी घेतला. देवबंदचा फतवा विभाग तर केव्हाच इंटरनेटवर आहे. जगभरातून प्रश्न येतात आणि त्यांची उत्तरं उर्दू-इंग्रजीत दिली जातात.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जून २०२३ मध्ये देवबंदच्या शिक्षण विभागानं, इथं प्रवेश घेतलेल्यांनी त्याच काळात बाहेर इंग्रजीसारखे दुसरे वर्ग करू नयेत, अशी सूचना काढली. त्यावरून गदारोळ झाला. संस्थेचं म्हणणं असं की इंग्रजीला विरोध नाही, आमच्याकडे इंग्रजीचा विभागच आहे. पण विद्यार्थ्याचं लक्ष दोन ठिकाणी विभागलं जातं. या म्हणण्यात तथ्य आहे. दर्स-ए-निजामी हा पूर्णवेळ अभ्यास आहे. तरीही मला ही सूचना चुकीची वाटते, कारण त्या मुलाला आठ वर्षांनंतर कुठे जायचं आहे याचा विचार तिच्यात नाही. विरोध असतो तो विचलित होण्याला, आणि त्यावरचा उपाय वेळापत्रकात शोधायला हवा. बंदीनं ते काम होत नाही.

प्रश्न : मोबाइल आणि ऑनलाइन वर्गांनी या शिक्षणाला नेमकं काय दिलं आणि त्याच्याकडून काय नेलं?

उत्तर : दिलं खूप. 'मकतबा शामिला' नावाचा अरबी ग्रंथसंग्रह संगणकावर आणि मोबाइलवर फुकट मिळतो. त्यात हजारो ग्रंथ आहेत. एके काळी असा संग्रह पाहायचा तर मोठ्या ग्रंथालयाच्या गावी जावं लागे. आज वाडीच्या मुलाच्या खिशात जेवढे संदर्भ आहेत, तेवढे शंभर वर्षांपूर्वी मोठ्या विद्वानाच्याही कपाटात नसत. हा बदल गरीब घरातल्या विद्यार्थ्याच्या बाजूचा आहे आणि त्याचं मनापासून स्वागत करायला हवं.

आता त्यातली मेख. शोधपेटीत शब्द टाकला की तो ज्या ओळीत आहे ती ओळ येते. ती ओळ लेखकाचं स्वतःचं मत आहे, की खोडून काढण्यासाठी त्यानं मांडलेलं विरोधकाचं मत आहे, हे त्या ओळीवरून कळत नाही. फिकहच्या ग्रंथांची मांडणी बहुतेकदा वादाच्या अंगानं जाते : आधी समोरच्याचं म्हणणं, मग त्याची प्रमाणं, मग उत्तर. दोन पानं मागे-पुढे न वाचता ओळ उचलली तर लेखकाच्या तोंडी नेमकं उलटं मत घातलं जातं. हदीसचं तर आणखी नाजूक. साखळीतला एखादा माणूस भरवशाचा नसेल तर मजकूर कितीही सुंदर असो, तो प्रमाण धरला जात नाही. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या 'हदीस'मध्ये ही साखळीच गाळलेली असते. त्यात शिळाछापातले ते चारी बाजूंचे हाशिये डिजिटल मजकुरात बहुधा येत नाहीत. सरळ ओळींत मूळ ग्रंथ येतो आणि भारतीय विद्वानांनी पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेल्या टीपा मागे राहतात. स्कॅन केलेली पानं नेटवर आहेत, पण त्यांत शब्द शोधता येत नाही. आपल्याकडच्या कुणी मन लावून काम करावं अशी ही जागा आहे.

त्यात आता कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली. प्रश्न विचारला की ही यंत्रं झोकात उत्तर देतात आणि कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या ग्रंथाचा, नसलेल्या पानाचा हवाला देतात. जिथं हवाला हाच विद्येचा पाया आहे, तिथं खोटा हवाला ही साधी चूक राहत नाही. मुफ्ती, म्हणजे फतवा देणारा, होण्यासाठी आलिमनंतर आणखी एक-दोन वर्षं फतवे लिहिण्याचा सराव करावा लागतो. त्यात विद्यार्थी मसुदा लिहितो आणि उस्ताद लाल शाईनं तो तपासतात. माझ्या मते त्या सरावात आता एक पाठ वाढवावा : यंत्रानं दिलेलं उत्तर समोर ठेवून त्यातला प्रत्येक हवाला मूळ ग्रंथात जाऊन पडताळायचा. साखळी तपासायला शिकलेला विद्यार्थी या कामाला इतरांहून जास्त तयार असतो. या युगात त्याचं जुनं शिक्षण उपयोगी पडतं ते असं.

ऑनलाइन वर्गांचा कस कोविडमध्ये लागला. मार्च २०२०च्या अखेरीस देश बंद झाला आणि त्याच आठवड्यात शाबान सुरू झाला, म्हणजे ऐन वार्षिक परीक्षांचा महिना. वसतिगृहं रिकामी करायची तर गाड्या बंद. पुढचे वर्ग जिथं चालले तिथं ते मोबाइलवर चालले. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. व्याकरण, फिकह, इतिहास हे विषय व्हिडिओवरून बऱ्यापैकी शिकवता येतात. तजवीद, म्हणजे कुरआनच्या उच्चारांचं शास्त्र, मात्र अडतं. अरबीतला 'सीन' आणि 'साद' यांच्यातला फरक जीभ किती उचलली यावर असतो. फोनच्या साध्या आवाजात वरच्या पट्टीचे ध्वनी कापले जातात आणि स-श-फ यांसारखे उच्चार एकमेकांत मिसळतात. नेट मंद असलं की आणखी पंचाईत. समोर बसलेला उस्ताद कानानं ऐकतो आणि मुलाच्या ओठांकडे, जबड्याकडेही पाहतो.

तरीही ऑनलाइन वर्गांनी एक दार उघडलं, ते बायकांसाठी. मुलींच्या उच्च धार्मिक शिक्षणात मालेगावचं नाव जुनं आहे. तिथल्या जामियतुस सालेहातमध्ये देशभरातून मुली राहायला येऊन शिकल्या. पण लग्न झालेल्या, लेकरं असलेल्या बाईला वसतिगृहात जाणं शक्य नसतं. आज दुपारची कामं आटोपल्यावर फोन तांदळाच्या डब्याला टेकवून ती अरबी व्याकरणाचा तास करू शकते. तिच्यासाठी ऑनलाइन वर्ग दुय्यम दर्जाचा पर्याय नाही; आजवर तिला पर्यायच नव्हता.

प्रश्न : हे सगळं शिकून तो मुलगा पुढे करणार काय? चाचांना हीच काळजी आहे.

उत्तर : चाचांची काळजी अगदी रास्त आहे, आणि माझ्या मते खरा प्रश्न इथंच आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. मुस्लिम मुलं म्हणजे मदरशातली मुलं, असं अनेकांना वाटतं. मुस्लिमांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या सच्चर समितीनं २००६ साली दाखवून दिलं की शालेय वयाच्या मुस्लिम मुलांपैकी जेमतेम ३ टक्के मदरशात शिकतात. बाकीच्यांपैकी बहुतेक तुमच्या-आमच्या मुलांसारखी शाळेतच जातात. नागपुरातही अंजुमन हामी-ए-इस्लाम या संस्थेचं सदरमध्ये १९९९ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. समाजाची मोठी अडचण उच्चशिक्षणात टिकण्याची आहे. केंद्राच्या उच्चशिक्षण सर्वेक्षणानुसार २०१९-२० मध्ये सुमारे २१ लाख मुस्लिम विद्यार्थी उच्चशिक्षणात होते. कोविडच्या २०२०-२१ या वर्षात तो आकडा सुमारे १९ लाखांवर आला. शिक्षण मोबाइलवर गेलं त्याच वर्षी ही घट नोंदली गेली, हे विसरता येत नाही. घरात एकच फोन आणि तो वडिलांच्या खिशात असेल, तर मुलाचा ऑनलाइन वर्ग कागदावरच राहतो.

आता त्या ३ टक्क्यांतल्या मुलाबद्दल. आलिमच्या सनदेला समाजात मान आहे, पण नोकरीच्या अर्जात तिच्यासाठी रकाना नाही. उत्तर प्रदेशात मदरसा मंडळ आहे. तिथला २००४चा कायदा अलाहाबाद उच्च न्यायालयानं मार्च २०२४ मध्ये रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयानं ५ नोव्हेंबर २०२४ रोजी तो वैध ठरवला, मात्र 'कामिल' आणि 'फाजिल' या पदवी-पदव्युत्तर दर्जाच्या पदव्या देण्याचा मंडळाचा अधिकार मान्य केला नाही. पदवी देणं हा विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्याचा प्रांत आहे, असं सांगितलं. महाराष्ट्रात तर असं मंडळच नाही. २०१५ साली राज्य सरकारनं, औपचारिक विषय न शिकवणाऱ्या मदरशांतल्या मुलांना शाळाबाह्य धरायचं ठरवलं तेव्हा मोठा वाद झाला होता. दुसरीकडे, गणित-विज्ञान शिकवणारे शिक्षक मदरशांना मिळावेत म्हणून राज्याची डॉ. झाकीर हुसैन मदरसा आधुनिकीकरण योजना २०१३ पासून आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यातल्या डी.एड. शिक्षकांचं मानधन ६,००० वरून १६,००० आणि बी.एड. शिक्षकांचं ८,००० वरून १८,००० रुपये करण्याचा निर्णय झाला. सहा हजारांत गणिताचा शिक्षक किती दिवस टिकणार होता? मदरसे आधुनिक का होत नाहीत, असं विचारणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

तरी वाटा आहेत, आणि त्या चाचांना जरूर सांगा. पहिली, दहावी-बारावी. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून (एनआयओएस) मदरशात शिकत असतानाच ती देता येते. हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे शाबानमधली परीक्षा दरवर्षी अलीकडे सरकते आणि काही वर्षं थेट बोर्डाच्या परीक्षेवर आदळते. मुक्त विद्यालयाची परीक्षा वर्षातून दोनदा होते, हा म्हणूनच मोठा आधार. दुसरी, विद्यापीठ. अलीगढ मुस्लिम विद्यापीठानं मदरशातून बाहेर पडणाऱ्यांसाठी २०१३ मध्ये ब्रिज कोर्स सुरू केला. हैदराबादचं मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ १९९८ पासून उर्दू माध्यमातून आणि दूरस्थ पद्धतीनंही शिकवतं. घराजवळ राहायचं असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहेच. तिसरी, भाषा. मरकजुल मआरिफ या संस्थेचं केंद्र १९९४ साली दिल्लीत सुरू झालं आणि पुढे मुंबईत आलं. तिथं आलिम झालेल्या तरुणांना दोन वर्षं इंग्रजी आणि संगणक शिकवतात. आठ वर्षं अरबी व्याकरणाशी झगडलेल्या मुलाला तिसरी भाषा जड जात नाही, हे त्या वर्गांनी दाखवून दिलं.

प्रश्न : जुनं आणि नवं यांचा मेळ कुणी नीट घालून दाखवला आहे का? तुमचं मत काय?

उत्तर : दाखवला आहे, आणि त्यातलं एक उदाहरण आपल्याच राज्यात आहे. तुमच्या वाडीपासून महाराष्ट्राच्या अगदी दुसऱ्या टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी, नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुवा आहे. मौलाना गुलाम मुहम्मद वस्तानवी यांनी तिथं १९७९-८०च्या सुमारास जामिया इस्लामिया इशाअतुल उलूमची सुरुवात केली. हिफ्ज आणि आलिमचे वर्ग चालू ठेवूनच त्यांनी औषधनिर्माणशास्त्र, अभियांत्रिकी, युनानी वैद्यक अशा शाखा उभ्या केल्या आणि जालना जिल्ह्यातल्या बदनापूरजवळ वैद्यकीय महाविद्यालय काढलं. २०११ साली ते देवबंदचे मोहतमिम, म्हणजे प्रमुख झाले; पण वाद उठले आणि काही महिन्यांतच त्यांना पद सोडावं लागलं. मे २०२५ मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांच्या सगळ्याच मतांशी सहमत व्हायची गरज नाही. पण एकाच आवारात एक मुलगा बुखारीची इबारत वाचतो आणि दुसरा औषधांची रसायनं शिकतो, हे त्यांनी आदिवासी भागात करून दाखवलं.

बाहेर पाहिलं तर कैरोचं अल-अझहर हजार वर्षांहून जुनं. १९६१च्या कायद्यानं तिथं वैद्यक आणि अभियांत्रिकीच्या शाखा आल्या. शरियतच्या शाखा राहिल्याच. इंडोनेशियानं आणखी पुढचं पाऊल टाकलं. तिथल्या सरकारी इस्लामी संस्थांची २००२ पासून एकेक करून पूर्ण विद्यापीठं झाली आणि २०२४ मध्ये चिरेबोनच्या संस्थेला चक्क 'सायबर' इस्लामी विद्यापीठाचा दर्जा मिळाला, दूरस्थ शिक्षणाचं काम सोपवून.

माझं मत विचारलंत म्हणून स्पष्ट सांगतो. परंपरेतलं काय राखायचं हे ठरवताना आपण बहुतेकदा वस्तूंना धरून बसतो : कागदाचा ग्रंथ, तिपाई, हाती लिहिलेलं अक्षर, अठराव्या शतकातली विषयांची यादी. हे सगळं यापूर्वी बदललेलं आहे आणि पुढेही बदलेल. तीनशे वर्षांत जे बदललं नाही ते म्हणजे विद्यार्थ्याचं वाचन ऐकणारा, चूक पकडणारा आणि त्याची हमी घेणारा माणूस. प्रत्येक नव्या साधनाला एकच कसोटी लावावी : यानं उस्ताद आणि शागीर्द यांच्यातली ही जबाबदारी घट्ट होते की सैल? वीस जणांचा ऑनलाइन वर्ग, ज्यात प्रत्येकाला वाचावं लागतं आणि उस्ताद थांबवतात, तो परंपरेतलाच. हजारो जण नुसते पाहत बसलेत आणि शेवटी प्रमाणपत्र छापून मिळतं, असा अभ्यासक्रम कितीही पवित्र नावानं चालो, त्यात सनदेची हमी नाही.

हीच कसोटी उलटही लावायला हवी. शागीर्दाची जबाबदारी घ्यायची तर त्याच्या पोटाचीही घ्यावी लागते. आठ वर्षांनी तो दहावीच्या प्रमाणपत्राविना बाहेर पडत असेल, तर तिथं परंपरेनंच आपलं कर्तव्य अर्धवट सोडलं, असं मी म्हणेन. आणि सरकार त्याच्यासाठी मुक्त विद्यालयाचं केंद्र, गणिताचा टिकणारा शिक्षक आणि विद्यापीठाचं दार एवढंही देत नसेल, तर मदरशांना मागास म्हणण्याचा अधिकार ते गमावतं.

म्हणून त्या मुलाला पुढच्या सुटीत तीन गोष्टी सांगा. मोबाइलमधला ग्रंथसंग्रह काढून टाकू नकोस, पण त्यात सापडलेली ओळ उस्तादांपुढे वाचल्याशिवाय कुणाला सांगू नकोस. मुक्त विद्यालयाचा अर्ज या वर्षीच भर. आणि मराठी लिहायला-वाचायला पक्की शीक. कुरआनचा मराठी अनुवाद गेल्या शतकातच झाला, पण हदीस आणि फिकह यांवर मराठीत, मूळ ग्रंथ वाचून, जबाबदारीनं लिहिणारे फार थोडे आहेत. तुमच्यासारख्या शेजाऱ्याला पडलेल्या प्रश्नांची उत्तरं उद्या त्यानंच मराठीत द्यावीत, एवढी तयारी त्याची नक्की होऊ शकते.